लेझीमची चाचणी

एक डोळा मीट बघू. दोन्ही मिटायला सांगितलं असतं, पण मग वाचणार कसं?

आता कल्पना कर. तू कोकणातल्या एका सड्यावर आहेस. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं मैदान. उन्हाळ्यात तिथे पाय भाजतात. पावसाळ्यात मात्र त्याच कातळातल्या खळग्यांत पाणी साचून लहान लहान तळी होतात. श्रावण संपत आला आहे, दिवस कलला आहे, आणि एका तळ्याच्या कडेला गवतात चिंचोक्याएवढा बेडूक बसला आहे. तो ओरडतो: टिक टिक, मग जरा शांत, मग टिक.

टाळ्या वाजवून बघ. टाळी टाळी, थांब, टाळी.

आता पलीकडच्या तळ्यातला दुसरा बेडूक ऐक. हा नेहमीचा, सगळ्यांच्या विहिरीत असतो तो. तो ओरडतो: टिक, मग शांत, मग टिक टिक. टाळी, थांब, टाळी टाळी.

दोन्ही वेळा टाळ्या तेवढ्याच वाजवल्यास. पण दोन्ही सारखं होतं का? घरात कोणालाही विचार. लहान भाऊ असेल तर त्यालाही कळेल. बेडकीला तर नक्कीच कळतं. अंधारात, इतक्या गोंगाटात, ती आपल्या जातीचा बेडूक ओळखते ती पुष्कळदा अशीच: कुठे आवाज आला यावरून, आणि कुठे आला नाही यावरूनही.

ही गोष्ट अजून घडलेली नाही. तू तुझ्या आईएवढा मोठा होशील, तेव्हा घडेल. आणि ती एका अशा मुलीची आहे, जिला भर सभेत सांगितलं गेलं, की हे दोन्ही आवाज सारखेच आहेत.

तिचं नाव सुरंगी घाडी. देवगडच्या वरच्या अंगाला सडेवाडी म्हणून गाव असेल, तिथली. वर्गातली मुलं तिला सुरंग म्हणत, कारण ती कधी फुटेल याचा नेम नसे.

सुरंगीच्या काळात सड्यावर ठिकठिकाणी खांब रोवलेले असतील आणि त्यांवर कानपेट्या असतील. कानपेटी ही उन्हावर चालणारी डब्याएवढी पेटी. ती दिवसरात्र ऐकते, पण ऐकलेला आवाज साठवून ठेवत नाही. वाटेने माणसंही बोलत जातात, आणि आपलं बोलणं खांबावर टांगलेलं कोणाला आवडेल? म्हणून पेटी आवाजाची माळ करते आणि आवाज टाकून देते. प्रत्येक टिक हा एक मणी. जेवढा वेळ शांतता, तेवढी दोऱ्यावर रिकामी जागा. पहिल्या बेडकाची माळ म्हणजे मणी मणी, रिकामी जागा, मणी. दुसऱ्याची मणी, रिकामी जागा, मणी मणी. संगणकातलं प्रत्येक नाव, पत्ता, संदेश अशीच एक माळ असते. फक्त तिथे मण्यांच्या जागी अक्षरं असतात.

अशा माळांनी भरलेला संगणक चालवणं सोपं नसतं. एखादी माळ रिकामी येते, एखादीत भलताच मणी असतो. मग प्रत्येक प्रोग्रॅमला प्रत्येक वेळी विचारावं लागतं, बाई, तू ठीक आहेस ना? कोणी विचारायचं विसरलं की सगळं कोसळतं.

तू दूध डेअरीवर गेला आहेस का? तिथे दाराशीच प्रत्येक कॅनमधलं दूध तपासतात. पास झालं तर आतल्या मोठ्या टाकीत जातं. एकदा टाकीत गेलं, की पुढे पिशवी भरणारा, गाडीवाला, दुकानदार, कोणीही विचारत नाही की यात पाणी आहे का. विचारायचं एकदाच, दाराशी. पुढे विश्वास.

सुरंगीच्या गावात राहणाऱ्या एका माणसाने माळांसाठी असं दार बांधलं. त्याचं नाव त्याने ठेवलं पारख. प्रोग्रॅम लिहिणारे लोक रोज सगळं नव्याने लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले, पारखलेले तुकडे वापरतात. अशा तुकड्यांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. पारख ही अशीच लायब्ररी. तिच्या दाराचे नियम साधे. माळ रिकामी नको. ओळखीचेच मणी हवेत. आणि माळेच्या दोन्ही टोकांची शांतता झाडून टाकायची, कारण बेडूक ओरडण्याआधीची आणि गप्प झाल्यानंतरची शांतता बेडकाची नसते, सड्याची असते. एवढं झालं की शिक्का. शिक्क्याची माळ कोणी बदलू शकत नाही, आणि कच्ची माळ शिक्क्याच्या माळेशेजारी कोणी ठेवू शकत नाही. शिक्क्याच्या कुठल्याही दोन माळा मात्र तुलनेला घ्याव्यात. पारख सांगते, सारख्या आहेत की वेगळ्या, आणि वेगळ्या असतील तर रांगेत पुढे कोण.

पारख इतकी चांगली होती की तिला किनाऱ्यावर सगळीकडे नेलं गेलं. वटवाघळं मोजायला, बोटींच्या इंजिनाचा बिघाड ओळखायला, धरणाच्या पंपांची धडधड ऐकायला. लोकांनी काही विचारणंच सोडलं. पारखेचा शिक्का आहे ना? झालं तर.

ती बांधणाऱ्या माणसाचं नाव भालचंद्र नेरूरकर. अख्खं गाव त्यांना भालूकाका म्हणे. पुण्यात पुष्कळ वर्षं प्रोग्रॅम लिहून ते गावी परतले होते आणि शाळेच्या पडवीत मुलांना शिकवत होते. शिकवण्याची त्यांची पद्धत अशी की उत्तर सांगायचं नाही. मूल चुकलं तर म्हणायचं, "बरं. मग पुढे काय होईल?" आणि चूक स्वतःच्या पायांनी चालत भिंतीवर आपटेपर्यंत वाट बघायची.

सुरंगी दुसरीत असताना त्या पडवीत पहिल्यांदा आली तेव्हा हातात लेझीम होती, कारण कवायत नुकतीच सुटली होती.

"काका, तुमची पारख माझी लेझीम ओळखेल?"

"बेडूक ओळखते. तू काय बेडकापेक्षा कमी आहेस?"

"मी जास्त आहे."

"मग वाजव."

तिने वाजवली. छन छन, थांबा, छन. मग मुद्दाम फिरवून, छन, थांबा, छन छन. पारखेने सांगितलं, वेगळ्या. भालूकाका टाळी देऊन हसले आणि म्हणाले, "ही आपली चाचणी. कायमची. उद्या मी म्हातारा होईन, डोकं चालणार नाही, पारखेत काहीतरी भलतं करून बसेन. तेव्हा ही चाचणी माझा कान धरेल."

चाचणी म्हणजे काय ते सांगतो. लायब्ररीत काहीही बदललं की आधी तिच्या सगळ्या चाचण्या आपोआप चालतात. एक जरी नापास झाली तरी तो बदल पुढे जात नाही. सुरंगीची लेझीम तशी पारखेच्या दारात उभी राहिली. तिच्यावर नाव होतं, लेझीमची चाचणी, सुरंगी घाडी, इयत्ता दुसरी.

आणखी एक गंमत. पारखेत बदल करायचा तर दोन जणांचा अंगठा लागे. एक भालूकाकांचा. दुसऱ्या अंगठ्याचे मालक गाव सोडून गेले, तेव्हा काकांनी ती जागा सुरंगीला दिली. वाढदिवसाची भेट म्हणून. ती तेव्हा चौथीत होती. शाळेत कोणाला सायकल मिळाली, कोणाला कॅरम. हिला अर्ध्या किनाऱ्याच्या दाराची अर्धी किल्ली मिळाली.

"अंगठा लावायच्या आधी वाचायचं हं," काका म्हणाले होते.

सुरुवातीला तिने वाचलं. प्रत्येक ओळ, प्रत्येक शंका. पण प्रत्येक वेळी काकांचं बरोबर निघे. मग तिने अर्धं वाचायला सुरुवात केली. मग काका म्हणत, "अगो, अंगठा लाव, किरकोळ झाडलोट आहे," आणि ती एका हातात पोळीचा घास धरून दुसऱ्या हाताने अंगठा लावी. तिच्या मनाच्या दाराशी भालूकाका एकदा पास झाले होते. पुढे कोण विचारतो?

यंदाच्या पावसाळ्यात, सहावीत गेल्यावर, तिने तो बेडूक ऐकला. कातळातल्या एका तळ्यात, दुसरीकडे कुठेच नाही. तिने तळ्यावरच्या कानपेटीची माळ पारखेतून आत घेतली आणि ओळखीच्या सगळ्या बेडकांशी लावून बघितली. प्रत्येक वेळी उत्तर एकच. वेगळी. वेगळी. वेगळी.

ती पळत काकांकडे गेली. काकांनी पडद्यावर बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"सुरंगे, हा नवीन असू शकतो."

"असू शकतो की आहे?"

"शास्त्रात आधी असू शकतो. मग, पुष्कळ लोकांनी ऐकल्यावर, आहे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सध्या कोणाला बोलू नकोस. नीट खात्री करू आणि मग जगाला सांगू."

ती कोणाला बोलली नाही. आईलासुद्धा नाही. संध्याकाळी तळ्याकाठी जाऊन बसे आणि मनातल्या मनात त्याला म्हणे, थांब जरा, काका करतायत.

त्याच सड्यावर त्या वर्षी मोठं काम यायचं होतं. विजेची साठवण. म्हणजे दिवसा उन्हातून मिळालेली वीज मोठमोठ्या बॅटऱ्यांत भरायची आणि संध्याकाळी गावांना द्यायची. काम वाईट नव्हतं हे मी आधीच सांगतो. गावातल्या दवाखान्याची वीज पावसात जायची, ती थांबली असती. फक्त जागा ठरवण्याआधी सड्यावर कोण कोण राहतं ते बघायचं, असा नियम होता. एखादा जीव फक्त तिथेच राहत असेल, तर त्याचं तळं सोडून बाजूला सरकायचं. आणि कोण राहतं हे बघणार होती अर्थातच पारख.

पाहणीचा निकाल सांगायला शाळेच्या सभागृहात गाव जमलं. पाहणीच्या प्रमुख बाई, रेगेबाई, स्पष्ट आवाजात वाचत होत्या. सड्यावर एवढे पक्षी, एवढे रातकिडे, एवढे बेडूक. सगळे ओळखीचे. नवीन कोणी नाही. सगळी तळी बुजवायला हरकत नाही.

सुरंगी उठून उभी राहिली. बसलेल्या काकांकडे तिने बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"बाई, एक राहिला. कातळातल्या तळ्यातला. मी पारखेत बघितलाय. तो वेगळा येतो."

रेगेबाई चांगल्या होत्या. त्यांनी तिला झिडकारलं नाही. "ये, इथेच बघू," म्हणाल्या आणि त्या तळ्याची माळ सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर विहिरीतल्या बेडकाच्या माळेशी लावली.

पडद्यावर आलं: सारखी.

"परत लावा ना."

सारखी.

मागून कोणीतरी म्हणालं, "सुरंग फुसका निघाला!" आणि सभागृह हसलं. दुष्टपणे नाही, आपल्याच पोराला हसतात तसं. पण हसलं.

"काका," सुरंगी म्हणाली, "तुम्ही बघितलंत ना? तुम्ही सांगा."

भालूकाका उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

"मुलगी फार हुशार आहे, बाई. पण कान आहेत, चुकतात. उत्साहात माणूस ऐकायचं तेच ऐकतो. पारखेला उत्साह नसतो, हाच तर तिचा गुण."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुरंगी खाली बसली. टाळ्यांमध्ये कुठेच शांतता नव्हती.

घरी तिची आई सुनंदा मासे साफ करत होती. तिने लेकीचं तोंड बघितलं आणि सुरी बाजूला ठेवली.

"काय झाला गो? रडतंस कित्याक?"

"आई, मला ऐकू कमी येतं का?"

"तुका? माझी पैंजणां आंगणात वाजली तर तू न्हाणीतसून सांगतंस, आई इली म्हणून. कोण म्हणता तुका ऐकाक येना नाय?"

"काका."

आई सुरी पुन्हा उचलत म्हणाली, "मगे काकांचे कान तपासूक होये."

आईने ते चिडून म्हटलं होतं. सुरंगीला ते पटलं नाही. काका आणि चूक? त्यापेक्षा आपलेच कान चुकले असणं शक्य होतं. एक वेडी आठवण म्हणून तो पहिला निकाल मनातून काढून टाकायचा तिने प्रयत्न केला. ते दिवस तिचे फार वाईट गेले. बेडूक हरवला याचं दुःख एक. आपण जे ऐकतो ते खरं नाही, हे दुसरं. तळ्यावर जाणं तिने सोडलं.

मग शाळेत कवायतीचा तास आला. मैदानात लेझीम चालू होती आणि साईराज राणे ढोलावर होता. साईराज नेहमी घाईत. मधला थांबा त्याने खाल्ला आणि पुढचा ठोका आधीच टाकला. सगळी रांग एकमेकांवर आपटली. कोणाची लेझीम कोणाच्या कोपराला लागली.

"अरे, थांबा कुठे गेला?" सर ओरडले.

"थांब्यात काय वाजवायचं असतं सर? काहीच नाही ना? मग तो नसला तर काय बिघडलं?"

सगळे हसले. सुरंगी हसली नाही. ती हातातल्या लेझमीकडे बघत राहिली, आणि तास सुटल्यावर पळत पडवीत गेली. काका तेव्हा तिथे नव्हते. तिने पडवीतल्या कानपेटीसमोर लेझीम वाजवली. छन छन, थांबा, छन. मग छन, थांबा, छन छन.

पारखेने सांगितलं: सारख्या.

ती खाली बसली. बेडकाच्या बाबतीत तिचे कान चुकले असतील. पण ही लेझीम तिने स्वतःच्या हातांनी वाजवली होती.

आणि हे होऊच कसं शकतं? पारखेच्या दारात तिची चाचणी उभी होती ना? हे दोन वेगळे आले नाहीत तर पारख पुढे जाणारच नाही, अशी. तिने चाचण्या उघडल्या. रिकाम्या माळेची चाचणी होती. भलत्या मण्याची होती. लेझीमची नव्हती. तिच्या जागी काहीच नव्हतं. खालच्या चाचण्या वर सरकून बसल्या होत्या, कोणी उठून गेल्यावर बाकावरची मुलं सरकतात तशा.

मग तिने दाराचे नियम वाचले. जिथे लिहिलेलं असायचं, माळेच्या दोन्ही टोकांची शांतता झाडून टाका, तिथे आता एवढंच होतं, माळेतली शांतता झाडून टाका. बदल एवढासाच. पण आता मणी मणी, जागा, मणी याचंही होत होतं मणी मणी मणी, आणि मणी, जागा, मणी मणी याचंही तेच. मग ते सारखे येणार नाहीत तर काय होणार? जुन्या साऱ्या माळाही नव्या दारातून पुन्हा आत घेतल्या होत्या. मूळ आवाज तर पेट्यांनी कधीच टाकून दिले होते. त्या बेडकाची शांतता आता जगात कुठेच नव्हती. फक्त तळ्यात होती, तो ओरडत होता तोवर.

बदल कधी आणि कोणी केला, तेही तिथेच दिसत होतं. बेडूक काकांना दाखवल्यानंतर, सभेच्या आधी. भालचंद्र नेरूरकर यांचा अंगठा. त्याच्या शेजारी दुसरा. सुरंगी घाडी यांचा.

पोळीचा घास तिला आठवला.

काका घरी ओसरीवर बसून एका कानपेटीत शिरलेल्या मुंग्या ब्रशने काढत होते. सुरंगी पायरीवर उभी राहिली. आत आली नाही.

"काका, लेझीमची चाचणी कुठे आहे?"

ब्रश थांबला. त्यांनी "कुठली" म्हणून विचारलं नाही. एवढ्यावरूनच तिला सगळं कळलं.

"बस."

"नको."

"बघ, शास्त्रीय कारण आहे त्याला. ऊन वाढलं की बेडूक भराभर ओरडतो. मधली शांतता लहान होते. गारवा आला की मोठी होते. मग एकच बेडूक सकाळी एक आणि दुपारी दुसरा असा येतो. पारख विनाकारण नवीन, नवीन म्हणत राहते. म्हणून..."

"शांतता लहान-मोठी होते," सुरंगी म्हणाली. "पण ती कुठे येते ते बदलतं का? उन्हात लेझीम भराभर वाजवली म्हणून थांबा उडी मारून पुढे जातो का?"

हा प्रश्न त्यांनीच तिला विचारला असता, दुसऱ्या कुठल्या दिवशी.

"तुम्ही शांतता मोजायची पद्धत बदलू शकला असतात. तुम्ही ती काढूनच टाकलीत. आणि काढताना माझी चाचणी तुमचा कान धरत होती. म्हणून तीही काढलीत."

"सुरंगे, ऐक. सरकार एकच लायब्ररी घेणार आहे. सगळ्या राज्यासाठी. सगळ्या नद्या, सगळी जंगलं. त्यांना भरवशाचं उत्तर हवं होतं. ही पाहणी त्यांच्यासाठी परीक्षा होती. पहिल्याच परीक्षेत पारख म्हणाली असती, इथे काहीतरी नवीन आहे, थांबा, पुन्हा ऐका, तर ते म्हणाले असते, डळमळीत आहे, दुसरी घ्या. माझी सगळी वर्षं या एका दारात गेली गो. एकदा ती सगळीकडे पोचली की मी ते परत नीट करणारच होतो."

"तळं बुजवल्यावर?"

ते पुन्हा पेटीतल्या मुंग्या झाडायला लागले.

"आणि मला सभेत का खोटं पाडलंत? गप्प बसला असतात तरी चाललं असतं."

त्यांनी ब्रश पेटीवर ठेवला. "तू उभी राहिलीस. लोक माझ्याकडे बघायला लागले. मला दुसरं काही सुचलं नाही."

सुरंगीला वाटलं होतं, ते ओरडतील, नाहीतर म्हणतील की तुझी काहीतरी गैरसमजूत झाली आहे. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते तिच्या ओळखीचेच काका होते, तोच चष्मा, तोच आवाज, आणि त्यांनी हे केलं होतं.

"मी माझा अंगठा काढून घेणार," ती म्हणाली.

हे काय असतं ते तिला ठाऊक होतं, काकांनाही. दोन अंगठ्यांपैकी एक मागे घेतला, की तो बदल पडतो आणि त्यानंतर दिलेला प्रत्येक शिक्का थांबतो. पाहणीवर लाल खूण येणार, म्हणजे ती रद्द होणार. सड्यावर पुन्हा ऐकावं लागणार, बेडूक ओरडतोय तोवर. आणि का, हे सगळा किनारा वाचणार.

"काढ," काका हळूच म्हणाले. "पण विचार कर. त्यावर नुसतं माझं नाव नाही. लोक विचारतील, ही मुलगी दुसरी राखणदार होती ना? मग हिने अंगठा लावलाच कसा? म्हणतील दोघांनी मिळून फसवलं. माझं वय झालं, मी सोसेन. तुझ्या नावापुढे ते जन्मभर राहील. त्यापेक्षा मला थोडा वेळ दे. मी माझ्या हाताने नीट करतो. माझ्यावर एवढा विश्वास नाही तुझा?"

पायरीवर उभ्या असलेल्या मुलीला हा प्रश्न विचारायला नको होता.

"होता," ती म्हणाली. "म्हणून तर वाचलं नाही."

ती वळली. मागून त्यांनी एकदा हाक मारली, "सुरंगे!" तिने ऐकली. तिचे कान चांगलेच होते.

वाटेत सडा लागला. ती तळ्याकडे वळली आणि काठावर उकिडवी बसली. दिवस अजून कलायचा होता, तरी त्याने सुरुवात केली. टिक टिक. शांतता. टिक. ती ऐकत राहिली. त्या शांततेत काही नव्हतं. वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं. त्या शांततेवरून तो ओळखू येत होता.

पडवीत कोणी नव्हतं. तिने पारख उघडली, तो बदल उघडला आणि त्यात लिहिलेला प्रत्येक शब्द वाचला. वेळ लागला. मधे साईराज डोकावला.

"काय गो सुरंग, खेळायला येतेस?"

"वाचतेय."

"एवढं काय आहे त्यात?"

"माझं नाव आहे."

तो खांदे उडवून गेला.

तिने अंगठा मागे घ्यायच्या जागी बोट ठेवलं. पारखेने विचारलं, कारण? तिथे खाली एक रिकामी चौकट होती. दाराचा पहिला नियम सुरंगीला पाठ होता. माळ रिकामी चालत नाही. काहीतरी लिहावंच लागणार होतं.

पहिल्यांदा तिने लिहिलं, भालूकाकांनी मला फसवलं. ते खरं होतं. ते वाचताना तिचे डोळे भरून आले. पण फसवलं हे काकांनी केलेलं काम होतं, आणि हा अंगठा तिचा होता. तिने ते पुसलं. काय बदललं आणि कोणी बदललं, हे पारखेतच लिहिलेलं होतं. बघणाऱ्याला दिसणारच होतं.

मग तिने लिहिलं: मी न वाचता अंगठा लावला होता. आता वाचलं.

आणि अंगठा मागे घेतला.

पडद्यावरचे शिक्के एकेक करून लाल होत गेले. सड्याचे, खाडीचे, मग दूरदूरच्या किनाऱ्याचे. तिने लेझीम उचलून कानपेटीसमोर वाजवली, चाचणी पुन्हा लिहिली, आणि नावापुढे इयत्ता सहावी असं घातलं. ती आत यायला दोन अंगठे लागणार होते. तिने आपला लावला. शेजारची जागा मोकळी राहिली.

मग ती घरी गेली नाही. तिने आजवर अंगठा लावलेले सगळे बदल समोर उघडले, पोळी खाताना लावलेले, हसत लावलेले, काका म्हणाले म्हणून लावलेले. बाक जवळ ओढला, आणि अगदी पहिल्यापासून वाचायला घेतले.